हुलगेवाडीची नऊ वीसची गाडी

"चिमटेकाका कुठं बसत्यात?"

दारात एक साठीचा माणूस उभा होता. पांढरा सदरा, पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं, हातात आमच्या पेपरची चार घड्या घातलेली प्रत. वहाणा त्यानं जिन्याखालीच काढल्या होत्या. आमच्या कचेरीत वहाणा काढून येणारा माणूस एक तर देणगी मागायला यायचा, नाहीतर भांडायला.

"बसा," मी म्हटलं. "काय काम होतं?"

"काम काकांकडं हाय. तुमी त्यांच्या कोण?"

"मीच काका."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागच्या भिंतीकडं पाहिलं. खरे काका तिथं फोटोत असतील असं त्याला वाटलं असावं. एक्क्याण्णव सालची गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची होते, जिल्ह्याच्या गावच्या एका दैनिकात उपसंपादक होते, आणि रोज 'चिमटे' नावाचं सदर लिहायचे. जगात कुठं काही विचित्र घडलं की त्यावर दहा-बारा ओळी खोचक लिहायच्या आणि खाली सही करायची, चिमटेकाका. काका हे संपादक बापूसाहेबांचं डोकं. बाईनं केलेली थट्टा लोकांना झोंबते आणि काकांनी केलेली गोड लागते, असं त्यांचं मत होतं.

"बरं," तो माणूस खुर्चीच्या कडेला बसला. "मी बिरू गेजगे. हुलगेवाडी. तुमी माझ्यावर लिवलंय."

हुलगेवाडी म्हणजे मागच्या आठवड्यातला चिमटा. तालुक्याचे आमचे वार्ताहर लवटे यांनी तीन ओळींची बातमी पाठवली होती : 'हुलगेवाडी येथील ग्रामस्थांनी श्रमदानातून बसथांबा बांधला असून त्याचे उद्घाटन निवृत्त वाहक श्री. बिरू गेजगे यांच्या हस्ते झाले. या गावास बस येत नाही.' थांब्यावरच्या वेळापत्रकाचं आणि गेजगे रोज तिथं जाऊन बसतात हे त्यांनी फोनवर सांगितलं होतं. अशी बातमी हातात पडल्यावर हात आवरणारी माणसं वेगळी. मी लिहिलं होतं : 'आधी मांडव घालू, मग नवरा शोधू, ही पद्धत आमच्या पाहण्यात नव्हती. थांब्यावर वेळापत्रकही लावले आहे म्हणे. त्यात साडेनऊची गाडी आहे. ती आजवर एकदाही उशिरा आलेली नाही, कारण ती आलेलीच नाही. आमची नम्र सूचना, पुढच्या वर्षी विमानतळ बांधावा. न येणाऱ्या बसपेक्षा न येणाऱ्या विमानाला मान जास्त.'

गेजग्यांनी पेपर उलगडून माझ्यासमोर सरळ केला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे चुकलंय."

"हे बघा गेजगे, सदर विनोदी आहे. कुणाला दुखवायचा हेतू..."

"त्ये न्हवं. तुमी साडेनऊ लिवलंय. नऊ वीस हाय."

"काय?"

"गाडी. साडेनऊची न्हाई, नऊ वीसची हाय. बोर्डावर सोताच्या हातानं रंगवलंय मी."

"पण गेजगे, ती गाडी येतच नाही ना?"

"येत न्हाई ती नऊ वीसची येत न्हाई. साडेनऊची न्हवं."

मी हसू दाबलं. माणूस मात्र गंभीर होता. तीस वर्षं त्यानं एसटीत कंडक्टरकी केली होती आणि वेळ म्हणजे त्याचा कुळाचार होता.

"दहा मिनिटांनी एवढं काय बिघडतं?"

"हायस्कूल धाला भरतं," तो बोटं मोजायला लागला. "अकरा किलोमीटरला पंचीस मिंटं. पावणेधाला स्टँडवर. तिथनं शाळेपतुर चालत धा मिंटं. साडेनऊला सोडली तर पोरींची प्रार्थना बुडती."

"कुठल्या पोरींची?"

मग त्यानं सांगितलं. हुलगेवाडीत सातवीपर्यंत शाळा. पुढं तालुक्याला जायचं. पोरं सायकलीवर जातात. पोरींच्या हातात सायकल कुणी देत नाही. सातवी झाली की पोरगी शेरडांमागं, आणि दोन वर्षांनी बोहल्यावर. यंदा एकदम सहाजणी सातवी पास झाल्या होत्या. त्यातली एक त्याची नात, छबू.

"आठ वर्सं अर्ज दिलं. परवासी दिसत न्हाईत म्हणून उत्तर आलं. मी इचार केला, बरोबरच हाय त्यांचं. मानसं बांधाबांधानं जात्यात, सायबाला दिसणार कशी? परवासी दिसायचा तर त्यो कुठंतरी उभा ऱ्हायला पायजे. म्हणून थांबा बांधला."

"आणि तुम्ही रोज तिथं जाऊन बसता म्हणे?"

"नऊ धाला जातो. नऊ वीस झाली की घरी येतो." त्यानं टोपी काढून पुन्हा घातली. "आता बसायचं काम न्हाई. तुमचा पेपर डेपोत गेला. समदा डेपो हसला. सायबानं मला बोलावलं, म्हनला, गेजगे, तुमचा थांबा गाजला, आता गाडी सोडतो. पन तीन दिवस. शाळा उघडायच्या सोमवारपासनं. तीन दिवसांत भारमान दिसलं तर कायम, न्हाई दिसलं तर पुन्हा अर्ज करायचा न्हाई."

"भारमान?"

"गाडी किती भरती ते. निम्म्याच्या वर पायजे."

म्हणजे माझ्या थट्टेनं गाडी आणली होती. मी खुर्चीत जरा सैल झाले आणि मनातल्या मनात माझी पाठ थोपटली.

"तर दोन कामं," गेजगे उठले. "एक, येळ दुरुस्त करून छापा. दोन, सोमवारी या. नारळ तुमच्या हातनं फुटंल." जिना उतरता उतरता ते थांबले. "गावात काकाच म्हणतो तुमास्नी. समद्यांनी काका येणार म्हणून आयकलंय."

दुरुस्तीचं मी बापूसाहेबांना विचारलं. बापूसाहेबांचं तोंड कायम पानानं भरलेलं असे, त्यामुळं ते हनुवटी वर करून बोलायचे.

"बोधेबाई, विनोदाला दुरुस्ती नसते. एकदा दुरुस्ती छापली की लोक बाकीचं खरं समजायला लागतील. सोमवारी मात्र जा. तिथं काहीतरी घडणार. चांगलं जमलं तर या खेपेला पहिल्या पानावर चौकट."

चार वर्षं माझं सदर पाचव्या पानावर, बाजारभावाच्या शेजारी छापून येत होतं. पहिल्या पानासाठी मी हुलगेवाडीला चालतही गेले असते.

सोमवारी लवट्यांनी मला त्यांच्या एम-एटी दुचाकीवरून गावात सोडलं आणि ते साखर कारखान्याच्या सभेला निघून गेले. थांब्याला आंब्याचं तोरण होतं. गेजगे जुन्या खाकी गणवेशात, इस्त्री करून, छातीवर बिल्ला लावून उभे. सगळं गाव लोटलं होतं. हलगी वाजत होती. निळ्या स्कर्टात, पांढऱ्या ब्लाउजात सहा मुली एका ओळीत स्वागतगीत म्हणायला उभ्या होत्या. पुस्तकं मात्र एकीच्याही हातात नव्हती, हे मी पाहिलं आणि सोडून दिलं.

छबू कुठली ते सांगावं लागलं नाही. आजोबांसारखीच भुवई उचलून ती माझ्याकडं बघत होती.

"काका तुमीच?"

"मीच."

"रोज पेपरात लिवायला जाता?"

"रोज."

"एसटीनं?"

"एसटीनं. पाऊण तास लागतो."

"एकट्याच?"

"एकटीच."

शेजारच्या पोरीच्या कानात तिनं काहीतरी सांगितलं, तिनं पुढचीच्या, आणि मग सहाही जणी माझ्याकडं अशा काही बघायला लागल्या की मी उगाच पदर सारखा केला.

नऊ दहाला ओढ्याच्या वळणावर लाल गाडी दिसली आणि पुढं जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. गाडी थांब्यापर्यंत पोचायच्या आत तिच्यावर भंडारा उधळला गेला. लाल गाडी पिवळी झाली. पाच सवाष्णींनी तिला ओवाळलं. दोन्ही दिव्यांना कुंकू लागलं. चाकांखाली लिंबं ठेवली. ड्रायव्हर मुजावरमामांना खाली उतरवून फेटा बांधला, पायांवर पाणी घातलं. मुजावरमामा "आवं, आवं" म्हणत होते, पण फेटा त्यांना शोभत होता आणि ते त्यांना कळलंही होतं. विलास नावाचा तरणा कंडक्टर तिकिटांची पेटी पोटाशी धरून भंडारा चुकवत होता. एक म्हातारी पुढं झाली आणि पुरणपोळीचं ताट थेट ड्रायव्हरच्या काचेपाशी ठेवून आली.

"गाडीला निवद," ती म्हणाली. "लांबनं आलीय."

मी नारळ फोडला. पोरींनी गाणं म्हटलं. सरपंच बोलले, माजी सरपंच बोलले, आणि तिसरा कुणीतरी उठणार तेवढ्यात गेजग्यांनी मनगटावरचं घड्याळ वर केलं.

"नऊ अठरा! बाजूला व्हा!"

गाव गप्प झालं. मला मानानं गाडीत चढवलं. गेजग्यांनी बूट काढले, ते डाव्या हातात धरले, अनवाणी पायरीवर चढले आणि दोरी दोनदा ओढली. टणटण. तीस वर्षांत हजारो वेळा दिलेली डबल बेल त्यांनी त्या दिवशी डोळे मिटून दिली. मग पाठ न फिरवता, देवळातून उतरावं तसे ते खाली उतरले. गाडी सुटली. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या, पोरं टाळ्या वाजवत होती. मीही खिडकीतून हात हलवत होते आणि मनात पहिलं वाक्य जुळवत होते.

विलास माझ्यापाशी आला. "बाई, तुमी पेपरवाल्या न्हवं? तुमास्नी पास आसंल."

"आहे. पण तिकीट फाडा."

"पास आसून?"

"हुलगेवाडीचं पहिलं तिकीट आहे. सदरात त्याचा फोटो छापणार मी. न येणाऱ्या गाडीचं तिकीट!"

तो हसला. त्यानं तिकीट काढलं, कटकट भोकं पाडली, माझ्या हातात दिलं. मग पेटी सावरत "चला, तिकीट, तिकीट" म्हणत मागं वळला आणि तिथंच उभा राहिला.

मीही वळून पाहिलं. मागं पन्नास सीट होत्या. सगळ्या रिकाम्या. पुढं पुरणपोळीचं ताट हादऱ्यानं थरथरत होतं.

"मामा," विलास ओरडला, "गाडीत कोनच न्हाई!"

"आं? कोन न्हाई म्हंजे?"

"कोनच न्हाई!"

मुजावरमामांनी आरशात बघितलं. "पाठीमागं बिरूअण्णा हाय की."

खरंच होतं. लांब धुळीत, पिवळ्या तोंडानं, खाकी गणवेशात, एका पायात बूट आणि एक पाय अनवाणी असे गेजगे सायकल हाणत येत होते. तोंडात शिट्टी होती. ते ती फुंकत होते आणि एक हात सोडून जोरजोरात हलवत होते.

"म्हाताऱ्याला लई हौस," मामांना भरून आलं. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, गेजग्यांना निरोप दिला, मानाचा म्हणून लांबलचक हॉर्न वाजवला आणि गाडी वेगात घेतली. वळणावर गेजगे दिसेनासे झाले.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो तिथून एक किलोमीटरवर. "मामा, ते निरोप देत नव्हते! गाडी थांबवा म्हणत होते! लोक चढलेच नाहीत!"

मामांनी गाडी हळू केली. "असं झालं व्हय!" फेट्याखालून त्यांनी कपाळाला हात लावला. "आवं बाई, पूजा केली न्हवं त्यांनी गाडीची! खंडेनवमीला नांगर पुजला की त्या दिवशी कोन जुपतं का? बेंदराला बैलाला कामाला लावतं का कोन? पुजलेल्या गोष्टीला त्या दिवशी सुट्टी. कोन पाय ठिवंल तिच्यावर?"

"पण गेजगे? तीस वर्षं कंडक्टर होते ते!"

"कंडक्टर डेपोत. गावात आलं की बिरोबाचं भगत."

"मग मागं घ्या गाडी."

"कुठं घिऊ? रस्ता बघा केवढा हाय. वळायला जागा न्हाई, आन् हीच गाडी धाला दुसऱ्या फेरीला लावल्याली हाय."

त्या क्षणी मला हसू फुटलं. इतकं की पोट दुखायला लागलं. सगळं गाव आठ वर्षं गाडी मागतं, गाडी येते, गाव तिची आरती करतं, नैवेद्य दाखवतं आणि तिला रिकामी परत पाठवतं. विलास हसला, मामा हसले, फेट्याचा शेमला डोळ्याला लावला. तालुका येईपर्यंत आम्ही तिघंही थांबत थांबत हसत होतो. स्टँडवर उतरताना मात्र विलास म्हणाला, "पन खरं सांगू? हे सायबाच्या टेबलावर गेलं की संपलं बगा."

दुपारी कचेरीत मी एका बैठकीत सदर लिहिलं. मथळा, 'पूजेचे भारमान : शून्य'. शेवटचं वाक्य होतं, 'हुलगेवाडीकरांनी सिद्ध केले की देव असो वा एसटी, दर्शन घ्यावे आणि घरी जावे.' असं लिहून झालं की माणसाला स्वतःचा अभिमान वाटतो. मला वाटला.

बापूसाहेब वाचता वाचता असे हसले की पानाची पिचकारी टेबलावर उडाली. "पहिलं पान!" ते हनुवटी खाली करून म्हणाले, म्हणजे किती खूश झाले असतील पाहा. "वर चौकट. उद्याच."

संध्याकाळी प्रूफ हातात आलं. पहिल्या पानावर, बाजारभावापासून चांगलं चार पानं लांब. मी चुका तपासायला बसले. 'पाच सवाष्णींनी ओवाळले' वाचलं आणि हसले. 'सहा मुलींनी स्वागतगीत म्हटले' वाचलं आणि छबूची उचललेली भुवई आठवली. एकट्याच? एकटीच.

डेपोच्या साहेबांनी गाडी सोडली ती लोक हसले म्हणून. उद्या लोक त्यांनाच हसले असते, बघा यांनी कुठं गाडी सोडली म्हणून. तीन दिवसांतला एक दिवस गेला होता. उरलेले दोन माझ्या हातात होते, कागदाच्या एका ओल्या पट्टीवर. मला स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त राग आला तो मजकूर इतका चांगला झाला होता म्हणून. वाईट लिहिलं असतं तर मागं घ्यायला काही वाटलं नसतं.

"बापूसाहेब, हे शुक्रवारी छापू."

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"बातमी तीन दिवसांची आहे. आज पहिलाच दिवस झाला."

"शुक्रवारी पहिल्या पानावर पालकमंत्री आहेत. चौकट मिळणार नाही. पुन्हा पाचवं पान."

"चालेल."

"बोधेबाई, चार वर्षं तुम्ही माझ्या मागं लागलाय या पानासाठी."

"हो."

"बरं," म्हणाले आणि पानाचा डबा जवळ ओढला. त्या दिवशी चिमटेकाकांनी दोन तोंडांच्या भोपळ्यावर लिहिलं. फार वाईट लिहिलं.

गुरुवारी सकाळी गेजगे पुन्हा दारात हजर. वहाणा जिन्याखाली, आणि चेहरा असा की मी उठूनच उभी राहिले.

"काका, हे बरं केलं न्हाई तुमी."

"काय झालं? गाडी बंद झाली?"

"गाडीचं मागनं सांगतो. मंगळवारी गावात तुमचं चाळीस पेपर आनलं. चाळीस! वाचून दाखवायला मारुतीच्या पारावर मानसं बसली. आमचं एक अक्षर न्हाई त्यात. भोपळा! गाव इचारतंय, आमच्यापरीस भोपळा मोठा व्हय?"

"गेजगे, गाडीचं सांगा आधी."

"गाडी काय? भरली की." ते खुर्चीवर बसले, आणि मग त्यांना हसू आवरेना. "सोमवारी सांजच्याला पारावर मी समद्यांस्नी झाडलं. म्हनलं, देव हाय तर हाय, पन ह्यो देव बसल्याबिगर पावत न्हाई. मंगळवारी बासष्ट मानसं. उभी राहून! म्हाताऱ्या कामाबिगर गेल्या, च्या पिऊन माघारी आल्या. निवदाची म्हातारी जन्मात पहिल्यांदा एसटीत बसली, तर उतरंनाच. काल एकाहत्तर. आन् पोरी..." ते थांबले, त्यांनी नाक पुसलं. "पोरी काल परवा दोन्ही दिवस प्रार्थनेला हजर. पाच मिंटं आधी."

"म्हणजे भारमान..."

त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. तीन दिवसांची मिळून सरासरी बसली होती. फेरी कायम.

मी खण उघडला आणि ते प्रूफ त्यांच्यापुढं ठेवलं. "भोपळा मोठा नव्हता, गेजगे. हे लिहून तयार होतं. मीच थांबवलं."

त्यांनी चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून वाचायला सुरुवात केली. नैवेद्यापाशी त्यांचे खांदे हलायला लागले. सायकलपाशी त्यांनी तोंडावर हात धरला. मग मथळ्यावर परत आले आणि बोट तिथंच रोवलं.

"हे चुकलंय."

"आता काय?"

"शून्य लिवलंय. एक हाय."

"कसलं एक?"

"तिकीट. त्या दिवशी वेबिलावर, कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदावर, एक तिकीट हाय." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "तुमास्नी ठावं न्हाई व्हय? मी तशीच सायकल हाणत डेपोत गेलो. सायबापुढं विलासचं वेबिल व्हतं. सायब म्हनला, गेजगे, पार शून्य असतं तर उद्याची फेरी आत्ताच्या आत्ता खोडली असती, शून्यावर गाडी सोडायची मला मुभा न्हाई. पन एक हाय. एक हाय म्हंजे परवासी हाय. उद्या सोडतो. त्या एकावर मंगळवारची गाडी आली, काका. पासवर बसला असता तर त्यो वेबिलात आलाच नसता. म्या विलासला इचारलं, कुनी फाडलं तिकीट? तर म्हनला, काकांनी. पास आसून."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. मी ते तिकीट कशासाठी फाडलं होतं ते या माणसाला माहीत नव्हतं. थट्टेचं चित्र म्हणून फाडलं होतं. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर लाजेपेक्षा आनंदच जास्त झाला. चांगलं काम आपल्या हातून चुकून घडलं तरी ते घडलेलंच असतं.

"गेजगे, ते मी गंमत म्हणून घेतलं होतं. फोटो छापायचा होता मला त्याचा."

"असंल," ते म्हणाले. "वेबिलावर कारन लिवत न्हाईत."

मग त्यांनी हात पुढं केला. "ते तिकीट द्या. थांब्यात काचंत लावायचंय." मी पर्समधून काढून दिलं. त्यांनी नंबर वाचला, भोकं मोजली, बरोबर असल्याची खात्री केली आणि टोपीच्या घडीत ठेवलं. "हे छापा आता. हसू द्या लोकांस्नी. हसली म्हनूनच गाडी आली. फकस्त आकडा नीट घाला."

ते गेल्यावर मी प्रूफ पुन्हा हातात घेतलं. छापायला आता हरकत नव्हती. तरीही मी ते खणात ठेवलं, आणि ते इतकी वर्षं खणातच राहिलं. साहेब बदलीवर गेले, बापूसाहेब गेले, पेपरही बंद पडला, म्हणून आज हे सगळं सांगायला हरकत नाही. त्या दिवशी मी चारच ओळी लिहिल्या आणि बापूसाहेबांपुढं ठेवल्या.

त्यांनी वाचल्या. हनुवटी वर केली. "यात विनोद कुठाय?"

"नाहीये."

"आपण दुरुस्ती छापत नाही."

"माहीत आहे."

त्यांनी पुन्हा वाचलं, विशेषतः शेवटची ओळ. मग लाल पेन उचललं. मला वाटलं आता काट मारणार, पण त्यांनी वर फक्त 'पान ५' असं लिहिलं आणि कागद आत पाठवला. शुक्रवारी बाजारभावाच्या शेजारी ते छापून आलं :

'चूक दुरुस्ती : हुलगेवाडीच्या थांब्यावर साडेनऊची बस येत नाही, असे या सदरात म्हटले होते. त्यात दोन चुका होत्या. बस नऊ वीसची आहे. आणि ती येते.

— शैलजा बोधे'